थोपटणे बंद

३ मार्च, सोमवार

लागली एकदाची नोकरी! आणि नोकरी कसली, तर पोरांना झोपवायची. भावजी सकाळपासून हसताहेत. म्हणाले, तुझी बडबड ऐकून मोठी माणसं पेंगतात, पोरांची काय कथा. ताईने त्यांच्याकडे डोळे वटारले, पण तीही हसतच होती. मी काम करायचे ते पाळणाघर बंद पडल्यापासून पाच महिने मी या दोघांच्या घरात नुसती बसून होते. त्यामुळे आज मला कुणी काहीही म्हटलेलं चालणार होतं.

खोली इस्पितळाच्या दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला. फिट येणाऱ्या मुलांची ईईजी तपासणी इथे होते. डोक्याला एकवीस तारा चिकटवतात आणि मेंदूतल्या बारीक बारीक लाटा पडद्यावर उमटतात. दुखत नाही, शॉक बसत नाही, काही नाही. पण मेंदूतली गडबड पुष्कळदा झोप लागताना नाहीतर झोपेतच दिसते, म्हणून मूल झोपायला हवं. औषधाने झोपवलं तर लाटाच बदलतात, तेव्हा जमेल तोवर साधी झोप बरी. आता परकी खोली, डोक्याला तारा, समोर परका माणूस, यात झोपणार कोण? म्हणून मी.

एक पलंग, आईबापांसाठी एक बाकडं, जाड निळे पडदे. भिंतीवर कुणीतरी हत्ती काढलाय. सोंड इतकी आखूड की पोरं त्याला नक्की डुक्कर म्हणत असणार. पलीकडे काचेआड यंत्राची खोली. तिथे बसतात ते तंत्रज्ञ, ज्यांना मुलं तारवाले काका म्हणतात. पन्नाशी उलटलेले, उंच, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे जिवावर येणारे. मी आल्यावर म्हणाले, या. जाताना म्हणाले, या. मला माणूस आवडला.

४ मार्च, मंगळवार

आज चार मुलं आली, चारही झोपली. माझीच दृष्ट काढावी लागेल.

मुलांना आदल्या रात्री उशिरापर्यंत जागवून सकाळी आणायचं असतं. त्यामुळे आईबाप इतके थकलेले येतात की बाहेरच्या बाकावर तेच आधी आडवे होतात. आज एक बाबा फॉर्म भरता भरता झोपले आणि त्यांची मुलगी त्यांना हलवत होती. डोकं कोरडं हवं, तेल नको. काका टेपने डोकं मोजतात, लाल पेन्सिलीने खुणा करतात, मग चिकट मलम आणि तारा. तेवढा वेळ पोराला खेळवायचं माझ्याकडे. मी सांगते की काका तुझ्या डोक्याचे कपडे शिवताहेत, आणि टेप पाहून पोरांना ते पटतं.

मग पडदे ओढायचे आणि थोपटायचं. माझं थोपटणं पाळणाघरापासूनचं ठरलेलं आहे, तीन लवकर आणि एक सावकाश. पण इथे एक नियम आहे. थोपटलं की डोकं हलतं, तारा हलतात आणि पडद्यावर खोट्या लाटा उमटतात. त्या कधी कधी हुबेहूब फिटसारख्या दिसतात म्हणे. म्हणून डोळे मिटले की मी हात वर करून दाखवायचा. काका काचेआड बटण दाबतात आणि नोंद होते : थोपटणे बंद. त्यानंतर पोराला बोटही लावायचं नाही. त्या खोट्या लाटांना मी भेसळ म्हणायला लागलेय. काकांना शब्द आवडला नसावा, पण दुपारी स्वतःच वापरला.

७ मार्च, शुक्रवार

आज मिरची आली. हे तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. सहा वर्षांची, पुढचे दोन्ही दात पडलेले, आणि जीभ अशी की मला माझंच बालपण आठवलं. मी हत्ती दाखवला तर म्हणाली, याला कुणी हत्ती म्हणतं का. बाबा बेकरीत रात्रपाळीला असतात. आई नाही.

पोरगी बोलता बोलता कोरी होते. हातातली वस्तू पडते, नजर थिजते, आणि दहा-पंधरा सेकंदांनी जणू काही झालंच नाही. दोनदा जिन्यावरून पडली आहे. हनुवटीखाली टाके आहेत. डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं की फिटचे प्रकार वेगळे, औषधं वेगळी. एका प्रकाराचं औषध दुसऱ्याला दिलं तर फिट वाढतात. म्हणून मिरचीच्या झोपेच्या वीस मिनिटांच्या स्वच्छ लाटा हव्यात. त्याशिवाय त्या नवं औषध सुरू करणार नाहीत.

सहा मिनिटांत झोपवली. हात वर केला आणि ऐटीत बसून राहिले. उठवायला मात्र चाळीस मिनिटं लागली. बिचारी फारच दमली असेल.

१२ मार्च, बुधवार

आज बोलणी खाल्ली. मिरचीची तपासणी वाया गेली. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत नुसती भेसळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, नियम माहीत असूनही थोपटत राहिलात. मी म्हटलं, हात वर केला होता. त्या म्हणाल्या, लाटा खोटं बोलत नाहीत. मग माझंही डोकं फिरलं. अकरा वर्षं पोरं सांभाळली, माझ्या हातावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. म्हटलं, खोलीत कॅमेरा आहे ना, लावा चित्रण.

त्यांना वॉर्डात बोलावणं आलं, म्हणून काका आणि मी, आम्ही दोघांनीच पाहिलं. मी खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर. मिरची कुशीवर झोपलेली. आणि पांघरूण तिच्या पाठीवर हलत होतं. दोन थापा, मग थांबा. दोन थापा, मग थांबा. पडद्यावरच्या लाटाही तशाच. कुणाचाही हात दिसत नव्हता.

मी ते मागे नेऊन पुन्हा पाहिलं. काकांना मात्र नवल वाटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. त्याचा मला जास्त राग आला.

१८ मार्च, मंगळवार

चार दिवस डोळ्यांत तेल घालून बसले. प्रत्येक मुलाला होतंय. मी हात काढला की सुरू. आधी कळलं नाही, कारण बाकीच्यांची गडबड झोप लागतानाच सापडली आणि त्यांचं काम भागलं.

आज एक चार वर्षांचा मुलगा होता. तो झोपल्यावर मी नियम मोडला. त्याच्या पाठीवर माझा तळवा पसरून ठेवला, अजिबात न हलवता. म्हटलं, आता थोपट.

माझ्या हातावर थोपटलं.

मऊ, जड हात. कामाची सवय असलेला, अंगठीशिवायचा. दोन थापा, मग थांबा. अंगावर सरसरून काटा आला. पण हात काढला नाही. काढला असता तर त्या थापा पोरावर पडल्या असत्या. वीस मिनिटं तशीच बसले आणि मनात येईल ती शिवी दिली, पोराला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

संध्याकाळपर्यंत तो हात जड होता. घरी कुणाला सांगितलं नाही. भावजी थट्टा करतील आणि ताई नोकरी सोडायला लावील.

२१ मार्च, शुक्रवार

काकांना जिन्यात गाठलं. म्हटलं, तोंडात गुळणी धरून किती दिवस बसणार? वाट अडवून उभीच राहिले. शेवटी ते पायरीवर बसले.

माझ्या आधी इथे एक बाई होत्या. एकोणीस वर्षं त्यांनी पोरं झोपवली, दोन थापा आणि थांबा देत. गेल्या वर्षी एक तीन वर्षांचं मूल होतं. बाईंनी हात वर करून झाला होता, आणि पडद्यावर लाटा उसळल्या. काकांना वाटलं, बाई परत थोपटायला लागल्या. त्यांनी मान वर करून काचेतून पाहिलंच नाही. रोजच्या सवयीने बटण दाबलं : थोपटणे सुरू.

"त्या लाटा पोराच्या होत्या," काका म्हणाले. "त्याला फिट आली होती, आणि मी तिला थोपटणं म्हटलं."

अंधारात, पांघरुणाखाली, बाईंना वाटलं मूल झोपेत चुळबुळतंय. म्हणून त्यांनी खरंच थोपटायला घेतलं. ते शांत झालं. त्या थोपटतच राहिल्या. अर्ध्या तासाने दिवे लावले तेव्हा कळलं. सगळे धावले, पण काही उरलं नव्हतं, आणि बाई मात्र त्याच्या पाठीवरून हात काढेनात. दोघांनी धरून नेलं त्यांना. आठवड्याभरात त्या घरीच वारल्या, झोपेत.

काकांनी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नोंदीत अजूनही तेच लिहिलंय. मला त्यांची दया आली आणि त्यांना दोन थोबाडीत द्याव्याशाही वाटल्या. म्हटलं, डॉक्टरबाईंना सांगा. त्यांनी मान हलवली, पण ती हो होती की नाही ते कळलं नाही.

२५ मार्च, मंगळवार

मिरचीची दुसरी खेप. मी पूर्ण वेळ तिच्या पाठीवर हात पसरून बसले. बाईंचा हात कुशीवरून आला. मी तिथे झाकलं तर खांद्यावर. मी एकटी किती झाकणार?

पुन्हा नुसती भेसळ. आणि ती उठेना. हाका मारल्या, गार पाणी लावलं, तळव्यांना चिमटे काढले. डॉक्टरबाई आल्या, नाडी पाहिली, सलाईनची तयारी केली. तिचे बाबा दाराशी उभे होते, हाताला पीठ तसंच लागलेलं. दोन तासांनी डोळे उघडले.

घरी जाताना तिने मला खाली वाकायला लावलं आणि कानात सांगितलं, "मला कधीची जाग येत होती. पण थोपटणं संपेचना."

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग तोंड धुतलं. नाही, असं चालणार नाही.

२८ मार्च, शुक्रवार

काय काय करून पाहिलं :

यंत्र ढकलत कोठीच्या खोलीत नेलं. तिथेही ती बाई आली. हात जोडून विनवलं. थोपटणं थांबलं नाही. मोठ्याने भांडले. फक्त मूल जागं झालं. डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, तारा बदलायला सांगितल्या आणि मला दोन दिवस रजा घ्या म्हणाल्या. मिरचीला दुसरीकडे पाठवा म्हटलं, तर जवळच्या केंद्रात चार महिने नंबर नाही.

चार महिने! पोरगी काल रस्त्याच्या मधोमध कोरी झाली. बाबांनी कॉलर धरून ओढली म्हणून वाचली.

१० एप्रिलची तारीख दिलीय. पुन्हा इथेच. या वेळी उठली नाही तर?

ताई म्हणते, तुझा चेहरा उतरलाय, सोड ती नोकरी. सोडते कसली. मी गेले तर त्या खोलीत झोपवणारी ती एकटीच उरेल.

३ एप्रिल, गुरुवार

सापडलं!

आज जुळे भाऊ होते. एक पलंगावर, दुसरा बाकड्यावर वाट पाहताना कलंडला आणि घोरायलाच लागला. थोपटलं जात होतं ते एकालाच. बाकड्यावरच्याच्या जवळही ती गेली नाही. म्हणजे एका वेळी एकच. जो पेंगत आडवा झालाय पण पुरता गेलेला नाही, त्याला धरते, आणि तो पार खोल जाईपर्यंत सोडत नाही. पोरांना आम्ही त्याआधीच उठवतो. मिरची जवळजवळ तिथवर पोचली होती, एवढंच.

मग ती मलाच का धरणार नाही?

७ एप्रिल, सोमवार

काल रात्रभर जागले, पोरांना जागवतात तशी. आज एका तान्ह्या बाळाची तपासणी होती. आधी मी बाकड्यावर आडवी झाले.

आली. पाठीवर. दोन थापा—

आणि खरं सांगू? बरं वाटलं. तेच सगळ्यात वाईट. आईच्या हाताला लागते तशी झोप, सगळं सोडून द्यावं अशी. बाळाच्या लाटा काचेसारख्या स्वच्छ, काका म्हणाले. तीन मिनिटं. मग मला गाढ झोप लागली, आणि त्याच क्षणी बाळाकडे भेसळ सुरू. म्हणजे मी जागी आहे तोवरच ती माझ्यापाशी. मला उठवायला काकांना पाव तास लागला. तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं होतं.

तीन मिनिटं पुरत नाहीत. मला वीस हवीत.

८ एप्रिल, मंगळवार

काका नको म्हणतात. म्हणाले, एक पोर माझ्या बटणाखाली गेलं, आता तुम्हीही जाल. मी म्हटलं, मग निदान ती बटणाची खोटी नोंद तरी खोडा. काका गेले डॉक्टरबाईंकडे, दार लावून घेतलं. बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते, पण पाठ ताठ. जुनी नोंद बदलणार. चौकशी होईल. होऊ दे, म्हणाले.

मला भीती वाटते. इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही. पण पोरं झोपवण्याचं काम माझं आहे, तिचं संपलं.

हातात वही ठेवायची. लिहीत राहायचं. लिहितेय म्हणजे जागी आहे.

१० एप्रिल, गुरुवार. सकाळी

दोन रात्री जागी. मुद्दाम. मिरचीपेक्षा मला जास्त झोप यायला हवी.

तिला तारा लावून झाल्या. मला विचारलं, तुम्ही बाकड्यावर का? म्हटलं, दमले ग. बाबांना शिकवलंय की तिच्या पायाचा अंगठा धरून बसा, हलवू नका, थोपटू तर अजिबात नका. काका काचेआड. मिनिटाला एक बोट दाखवणार. आज सगळा वेळ मान वर करून बसणार आहेत.

पडदे ओढले. थोडा उजेड ठेवलाय लिहिण्यापुरता.

कुशीवर आहे. पांघरूण घेतलं. ये बाई.

आली.

पाठीवर. दोन. थांबा. दोन.

मिरची बाबांना काहीतरी सांगतेय, जीभ जड झालीय. गप्प झाली. काकांनी मान हलवली, झोपली. पहिलं बोट.

चार. लाटा स्वच्छ. काकांनी अंगठा दाखवला.

सहा. डोळे मिटू नकोस ग. ओठ चावला, रक्ताची चव. बरी आहे चव.

बाई, मला माहीत आहे तुम्ही वाईट नव्हता. तुम्हाला सोडवत नाही. पण पोरांना जागंही व्हायचं असतं. झोपवणं म्हणजे अर्धंच काम, उठवलंही पाहिजे. ऐकताय का—

नऊ. ओळी वाकड्या जाताहेत. पेन पडलं होतं. उचललं.

ताईला सांगा की मी मजेत—नाही. मीच सांगेन.

बारा. हात जड झालाय तिचा. दोन थापा. मध्ये आता थांबा नाही. दोन दोन दोन

तेरा? चौदा. काका उभे राहिलेत. येऊ नका. खुणेने सांगितलं, येऊ नका, अजून सहा—

मिरचीची हनुवटी दिसतेय. टाके. श्वास छान चाललाय. तिला कुणी थोपटत नाहीये. आपली आपण झोपलीय पोरगी.

सतरा

दुसरा हात. तिला दुसरा हात आहे. हे मी हिशेबात धरलंच नव्हतं. कुठे जाईल तो, तिच्याकडे गेला तर

नाही. माझ्याच कपाळावर आला. डोळ्यांवरून फिरवतेय.

हात्तिच्या. दोन्ही इकडेच. म्हणजे तिकडे एकही नाही.

एकोणीस. पापण्या उघडत नाहीत. न बघता लिहितेय.

मिरचीचा आवाज. उठली! आपणहून उठली, पाणी मागतेय. काका ओरडले, वीस झाली. पुरी वीस, सगळी स्वच्छ.

झालं. आता मी उठते. काका दंड धरून ओढताहेत. उठतेय. जागी आहे. बाई, सोडा आता, दुपारी दोन मुलं यायचीत, त्यांना झोपवायला मीच लागणार, मी काही अशी तुमच्या हाताखाली